एका पेवातली हळद

हरिपुरात नाथाजीला ओळखत नाही असं माणूस शोधूनही सापडलं नसतं. सांगलीहून कृष्णेच्या काठाकाठानं गेलं की दोन-तीन मैलांवर हे गाव, आणि गावाच्या पोटात हळदीची पेवं. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसायचं नाही. कुणाच्या अंगणात, कुणाच्या परड्यात, नाहीतर रस्त्याच्या कडेला मातीचा एखादा उंचवटा, एवढंच. त्याच्याखाली माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि आत पंधरा-सोळा हात खोल, मडक्यासारखी फुगलेली पोकळी. तिथली माती चिवट, ओल आत येऊ न देणारी. तिच्यात घातलेली हळद तीन-तीन वर्षं राहिली तरी तिला भुंगा लागत नसे, की तिचा रंग उतरत नसे.

ही पेवं भरायची आणि उपसायची हे नाथाजीचं काम. त्याच्या वडिलांचंही तेच होतं. पन्नाशी गाठली तरी दोराला धरून तो सरसर खाली उतरायचा. पेवाची भिंत नुसती तळव्यानं चाचपून ओल कुठे आहे ते सांगायचा. त्यानं भरलेलं पेव नासलं असं कधी झालं नव्हतं, आणि हे तो स्वतः कधी बोलून दाखवत नसला तरी त्याला ते ठाऊक होतं.

लढाईच्या दिवसांत मुंबईची एक बडी कंपनी सांगलीत आली. तिनं हरिपुरातली जवळजवळ सगळी पेवं लांबच्या करारानं भाड्यानं घेतली. मालकांना घरबसल्या भाडं मिळू लागलं, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती. अडचण झाली ती लहान शेतकऱ्याची. चैत्रात हळद शिजवून, वाळवून तो बाजारात आणायचा तेव्हा सगळ्यांचाच माल एकदम यायचा आणि भाव पडलेला असायचा. पूर्वी तो कुणाच्यातरी पेवात माल ठेवून दिवाळीनंतर विकायचा. आता पेव कंपनीचं. एकतर कंपनी देईल त्या भावानं माल तिथंच द्या, नाहीतर कंपनीकडेच ठेवीला ठेवा, नाहीतर घरी नेऊन पावसाळ्यात भुंग्याला घाला. चौथा रस्ता नव्हता.

नाथाजी कंपनीकडे कामाला लागला, कारण पेवं जिच्याकडे तिच्याकडेच काम. दिनकरराव नावाचा एजंट होता. कोट घालायचा, सायकलीवरून यायचा, आणि नाथाजीशी गोड बोलायचा.

लढाई संपली त्या वर्षीच्या कार्तिकातली गोष्ट. आष्ट्याच्या अलीकडच्या एका वाडीतली पाच-सहा घरं आपली ठेवीची हळद न्यायला हरिपुरात आली होती. वाडी सातारा जिल्ह्यातली, इंग्रजी मुलखातली. आयर्विन पूल ओलांडून सांगली संस्थानात यायचं म्हणजे त्यांना परमुलखातच आल्यासारखं वाटायचं. त्यांच्यात पुढारी होता हंबीरराव, मोठा बागायतदार, आवाज दांडगा. आणि मागे एका बाजूला उभी होती रंगूबाई. नवरा गेलेला, एकुलता मुलगा पलटणीत, ब्रह्मदेशात. लढाई संपली तरी तो अजून सुटून आला नव्हता. शेत तिनं एकटीनं ओढलं होतं.

दिनकररावानं खेदानं मान हलवली. "काय सांगू पाटील, त्या पेवात पाणी झिरपलं. तुमची हळद काळी पडली. कंपनी दयेनं काहीतरी देईल, पण चांगल्या मालाचा भाव मागू नका."

"पानी?" हंबीरराव म्हणाला. "हरिपूरच्या पेवात पानी?"

"हा बघा आमचा माणूस. यानंच उपसलं." दिनकरराव नाथाजीकडे वळला. "सांग नाथाजी, होती ना ओल?"

नाथाजीनं ते पेव आठ दिवसांपूर्वी उपसलं होतं. आतली हळद अशी खणखणीत होती की पाटीत ओतताना खडे ओतल्यासारखा आवाज होत होता. तो माल रातोरात नाही, भरदिवसा, त्याच्याच हातानं पोत्यात भरून सांगलीच्या वखारीत गेला होता. कुणाचा माल आहे हे त्यानं विचारलं नव्हतं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. मान आपोआप खाली गेली, आणि ती खाली गेलेली मानच दिनकररावानं होकार म्हणून घेतली.

"बघितलंत?" तो म्हणाला.

वाडीची माणसं गाड्या जुंपून निघून गेली. रंगूबाईनं जाताना एकदा वळून पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. नाथाजीला तेच जड गेलं.

घरी आल्यावर त्यानं ताटाला हात लावला नाही. त्याची बायको धोंडुबाई चुलीपुढे बसली होती. तिनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट बाजूला सरकवलं आणि समोर येऊन बसली. मग त्यानं सगळं सांगितलं.

"मग तुमी बोललाच न्हाई?"

"न्हाई."

"खोटं बी बोलला न्हाई, खरं बी बोलला न्हाई."

"त्येच की."

"आवं, त्या बाईला आता असं वाटत आसंल, की आपल्याच हळदीत खोट हुती. कच्ची ऱ्हायली, आपल्याकडनंच नीट शिजली न्हाई. पुढच्या वर्साला ती आनि मर मर मरंल. एवढं तरी तिला कळाय पायजे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच नाथाजीनं पटका बांधला. पूल ओलांडला आणि चालत, मध्ये एका गुळाच्या गाडीवर बसत दुपारपर्यंत वाडी गाठली. हंबीरराव मळ्यात मोटेवर होता. नाथाजीनं त्याला हाक मारली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, "पाटील, तुमची हळद चांगली हुती. पानी बिनी काय न्हवतं. मी बघितलीया."

हंबीररावानं बैल थांबवले. "मग काल तोंडात काय धरलं हुतंस?"

"भ्यालो."

"आनि आज?"

"आज बी भ्यालोयच."

हंबीरराव तावातावानं पुढे आला. नाथाजी तिथंच उभा राहिला. मारलं असतं तर त्यानं मार खाल्लाही असता. पण तोवर पाटाच्या कडेनं रंगूबाई आली. तिचं शेत शेजारीच होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "आवं पाटील, सांगाय आलाय त्यो चालत. बसू दे की सावलीला." आणि नाथाजीला म्हणाली, "भाऊ, माझी बी चांगली हुती?"

"आक्का, तुमची कंची आनि पाटलाची कंची, आत गेल्यावर कळत न्हाई. पर पेवात वाईट अशी मूठभर बी न्हवती."

रंगूबाईनं पदर तोंडाला लावला आणि बांधावर बसली.

मग सगळे मिळून सांगलीला गेले. नाथाजीनं दिनकररावासमोर, चार माणसांदेखत, त्या दिवशीचा तो होकार परत घेतला. दिनकररावाचा आवाज जराही चढला नाही. "कोर्टात जा," तो म्हणाला. "माल इथला, तुम्ही तिथले. निकाल लागेपर्यंत कंपनीला काही घाई नाही." नाथाजीकडे त्यानं पाहिलंही नाही, फक्त फाटकावरच्या माणसाला सांगितलं की याला उद्यापासून आत सोडू नको.

गेलेली हळद परत आली नाही. हे सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यानं ती भरपाई झाली असं कुणी समजू नये.

परत जाताना पुलावर गाड्या थांबवून माणसं पाणी प्यायली; नाथाजी त्यांना पोचवायला तिथवर आला होता. हंबीरराव कठड्याला टेकून नदीकडे बघत म्हणाला, "पुढच्या चैतात काय करायचं? पुन्ना हितंच ओतायची? आमच्याकडच्या जमिनीत पेव धरत न्हाई. वितभर खाली पाझर लागतो."

नाथाजी म्हणाला, "कंपनीकडं नसल्यालं एक पेव हाय हरिपुरात."

"मग आजवर बोलला न्हाईस!"

"ते कुनी मागत न्हाई," नाथाजी म्हणाला, आणि एवढ्यावरच थांबला.

ते पेव लीलाबाईंच्या परड्यात होतं. लीलाबाई म्हणजे गावातल्या एका जुन्या भिक्षुकी घरातल्या विधवा बाई, सत्तरीच्या, एकट्या राहायच्या. बावीस वर्षांपूर्वी त्या पेवात नाथाजीचा थोरला भाऊ ज्ञानू गेला होता. पावसाळ्यानंतर पेव उघडलं की आत कोंडलेली वाईट हवा असते. ती निघून जायला निम्मा दिवस तोंड उघडं ठेवावं लागतं, आणि मग कंदील सोडून बघावा लागतो. कंदील जळत राहिला तर माणसानं उतरायचं. त्या दिवशी व्यापाऱ्याच्या गाड्या दारात खोळंबल्या होत्या. ज्ञानू कंदील न सोडताच उतरला आणि वर आला नाही. लीलाबाईंच्या यजमानांनी त्याच आठवड्यात पेव उपसून घेतलं, तोंडावर शिळा ठेवली, आणि पुन्हा कुणाला ते उघडू दिलं नाही. यजमान गेल्यावर बाईंनीही तो शब्द पाळला. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा त्यांनी त्याला अंगणातूनच परत पाठवलं.

नाथाजी गेला तेव्हा त्या तुळशीपुढे वाती वळत बसल्या होत्या. त्यानं कशाला आलो ते सांगितलं. वाती वळणारा हात थांबला.

"नाथाजी, तुला विचारवतं तरी कसं रे? त्या पेवानं तुझा भाऊ गिळला."

"बाई, पेवानं न्हाई गिळला. घाईनं गिळला."

"आणि तू उतरणार त्यात?"

"मीच उतरनार. दुसऱ्या कुनाला सोडनार न्हाई."

लीलाबाईंनी मागे वळून पाहिलं. परड्यात लिंबाच्या सावलीत ती शिळा दिसत होती. तिच्यावर कुणीतरी शेण्या वाळत घातल्या होत्या.

"कुणाची हळद?" त्यांनी विचारलं.

नाथाजीनं वाडीची घरं सांगितली. रंगूबाईचं सांगितलं. मान खाली घातल्याचंही सांगितलं; ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नव्हतं.

"भाडं नको मला," शेवटी त्या म्हणाल्या. "वर्षाला घरापुरती हळद पुरे. पण माझी एक अट आहे. ऊन डोक्यावर आल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, कंदील माझ्यादेखत सोडायचा, आणि गाड्या कितीही खोळंबल्या तरी मी हो म्हणेपर्यंत थांबायचं. मी तिथं पाट टाकून बसणार आहे."

"व्हय बाई," नाथाजी म्हणाला.

माघात त्यांनी शिळा हलवली. तोंड एक अख्खा दिवस उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लीलाबाई पाटावर बसल्या, हंबीररावानं दोराला बांधून कंदील सोडला. ज्योत खाली खाली जात राहिली, तळाशी टेकली, आणि जळत राहिली. तरी बाईंनी आणखी घटकाभर काढली. मग मान हलवली.

नाथाजीनं कमरेला दोर बांधला. उतरताना त्याला ज्ञानूची आठवण येईल असं त्याला वाटलं होतं. आली ती धाकट्या वयातली. ज्ञानू त्याला खांद्यावर घेऊन नदीत पोहायला शिकवायचा ती. तळाला पाय टेकल्यावर तो जरा वेळ नुसताच उभा राहिला. मग त्यानं भिंतीला हात लावला. भिंत कोरडी होती, एका जागी मात्र मुळ्या आल्या होत्या आणि पोपडा निघाला होता.

"नाथाजी!" वरून लीलाबाईंचा आवाज आला, कापरा.

"हाय बाई! चांगलं हाय पेव. लिंपाय लागतंय निस्तं."

पंधरा दिवस लिंपण चाललं. वाडीच्या बायका गाड्यांतून शेण आणि पांढरी माती घेऊन यायच्या, धोंडुबाई त्यांच्यात मिसळून शेणामातीचा काला मळायची, नाथाजी आत लिंपायचा. दुपारी सगळ्यांच्या भाकऱ्या एकत्र सुटायच्या. लीलाबाई स्वतः कुणाच्यात जेवत नसत, पण ताक मात्र रोज मडकंभर द्यायच्या आणि कुणाला किती वाढलं ते ओसरीवरून बघायच्या.

चैत्रात हळद आली, आणि खरा पेच तिथं पडला.

पेवात पोती ठेवत नाहीत. तागात हवा आणि ओल धरते, पोतं कुजतं, त्याच्याबरोबर माल जातो. तळाला आणि भिंतीला उसाच्या पाचटाचा जाड थर द्यायचा आणि त्यात हळद सुटी ओतायची. म्हणजे एकदा ओतली की कुणाची कुठली हे देवालाही सांगता येणार नाही. वर काढल्यावर ज्याची जेवढी पोती तेवढी त्यानं न्यायची, पण हळकुंडं मिसळलेली.

हंबीररावाची हळद पंचक्रोशीत नावाजलेली. लांब, भरलेली, चकाकणारी हळकुंडं. तो पोत्यावर हात ठेवून उभा राहिला. "नाथाजी, माझी येगळी ठेव. वरच्या अंगाला, मधी चटई घाल."

"चटई सरकती, पाटील. आनि मधी पोकळी ऱ्हायली तर ओल धरती."

"मग माझा चांगला माल मी दुसऱ्यांच्या बारीक मालात घालू?"

नाथाजी पोती तपासत पुढे गेला. प्रत्येक पोत्यातलं एक हळकुंड काढायचा आणि मोडायचा. नीट वाळलेलं हळकुंड कट् करून मोडतं, आणि आत नारिंगी तजेला दिसतो. हंबीररावाची मोडली, वाडीतल्याच दादासोची मोडली. रंगूबाईच्या पोत्यापाशी तो थांबला. हळकुंड वाकलं, मग पिचलं. आवाज झालाच नाही. दुसरं काढलं, तसंच. तिसऱ्या पोत्यातलं तर मधोमध कच्चं, पिठूळ होतं.

रंगूबाईनं ते बघितलं. "हळद शिजवायची काहिल एकटीनं उतरवता येत न्हाई भाऊ," ती हळू म्हणाली. "मानसं मिळाली न्हाईत. भाड्याची काहिल दीड दिसच मिळाली. वाळवायला बी धा दिस पायजे हुतं, सातच दिलं."

"ही आत घालता येनार न्हाई, आक्का," नाथाजी म्हणाला.

"मग ऱ्हाऊ द्या. घेऊन जाते मी माघारी." ती गाडीकडे वळली.

हंबीरराव म्हणाला, "सरळ हाय. एकीच्या कच्च्या मालापायी सगळ्यांचं पेव नासायचं का?"

"नासंल," नाथाजी म्हणाला. "पाच पोती कच्ची गेली तर पाऊसकाळात आत गरम हुतं, घाम सुटतो, आनि वरपत्तोर सगळी काळी पडती. तुमची बी, पाटील. म्हनून तर म्हनतो, तिची वाळवाय पायजे."

"ती वाळवंल की घरी जाऊन."

"कुनाच्या हातानं? आनि वाळवून कुठं ठेवंल? हितं न्हाई ठेवली तर कंपनीच्या दारात जाईल. मग आपन ह्ये कशापायी केलं?"

पाटावर बसलेल्या लीलाबाई सगळं ऐकत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "पाटील, तुमच्या मळ्यात काहिल उतरवायला किती माणसं असतात?"

"आठ-दहा."

"यांच्याकडे?"

हंबीररावानं रंगूबाईकडे बघितलं. पाटाच्या पलीकडे तिचं शेत होतं. तिच्या काहिलीचा धूर त्याला त्याच्या मोटेवरून दिसला होता. तो त्या दिवशी सुटलेल्या बैलामागे गेला होता आणि मग विसरून गेला होता. तो म्हणाला, "मला बोलवायचं हुतंस."

"तुमी बोलवल्याबिगर येत न्हाई हे मला म्हाईत हुतं," रंगूबाई म्हणाली. तिनं ते कुचकेपणानं म्हटलं नाही, पण हंबीररावाचे कान लाल झाले.

काहिल आणली. लीलाबाईंच्या परड्याबाहेर नदीच्या अंगाला चूल खणली, आणि रंगूबाईची कच्ची राहिलेली हळद निवडून पुन्हा वाफवली. पुन्हा शिजवलेल्या हळदीला पहिल्यासारखा रंग येत नाही, हे नाथाजीनं आधीच सांगितलं, पण टिकते. मग ती नदीकाठच्या खडकावर पसरली. वाडीच्या गाड्या परत गेल्या, पण प्रत्येक घरचं एकेक माणूस मागे राहिलं. हंबीरराव स्वतः राहिला. नऊ दिवस. दिवसातून तीनदा हळद पालटायची, संध्याकाळी दवाच्या आधी गोळा करून झाकायची. पहिले दोन दिवस तो जरा फटकूनच होता. तिसऱ्या दिवशी वाडीच्या गाडीतून रंगूबाईला पलटणीतल्या मुलाचं पत्र आलं, ते तिनं त्याच्यापुढे धरलं, कारण तिला वाचता येत नव्हतं. त्यानं अडखळत वाचलं. मुलगा रंगूनच्या इस्पितळात होता, पायाला लागलं होतं, आता बरा होता, आणि विचारत होता की हळदीचं काय झालं.

"काय लिवू त्येला?" हंबीररावानं विचारलं.

"लिवा, की वाळायला घातलीया," रंगूबाई म्हणाली. "आनि तुमी पालटायलाय म्हनून लिवा."

हंबीररावानं तसं लिहिलं.

दहाव्या दिवशी नाथाजीनं खडकावरचं एक हळकुंड उचललं आणि मोडलं. कट्. त्यानं दुसरं हंबीररावाच्या हातात दिलं. त्यानंही मोडलं आणि तुकडे बघत म्हणाला, "ओता."

"सगळी?"

"माझी बी. एकत्रच."

अक्षय्य तृतीयेच्या आधी पेव भरलं. नाथाजी आत पाचट लावत आणि हळद तुडवत वर वर येत गेला, आणि शेवटी दोर न धरताच तोंडातून बाहेर पडला. वर पाचट, चटया, शिळा, आणि तिच्यावर मातीचा उतरता ढीग, पावसाचं पाणी बाजूला जावं म्हणून.

पावसाळा नाथाजीला कठीण गेला. कंपनीचं काम बंद होतं, दुसरं काम गावात नव्हतं. वाडीतून आठ-पंधरा दिवसांनी गाडी यायची. तिच्यात ज्वारी, कधी शेंगा, कधी गुळाची ढेप. नाथाजीला ते घ्यायला अवघड वाटायचं. धोंडुबाई म्हणायची, "त्यांचं पेव राखताय न्हवं तुमी? मग राखनदाराला भाकरी नगं?" आणि ढेप उचलून आत न्यायची.

श्रावणात पाणी चढलं. नाथाजी रोज सकाळी जाऊन ढिगावरची माती सारखी करायचा. एकदा दिनकरराव सायकल हातात धरून परड्याच्या काटेरी वईपाशी उभा राहिला. "नाथाजी, बावीस वर्षं बंद पडलेलं पेव. उघडाल तेव्हा चिखल निघेल. मग ही वाडीची माणसं तुलाच धरतील. त्यापेक्षा ये परत. झालं गेलं कंपनी विसरेल."

"साहेब, कंपनी इसरंल," नाथाजी मातीवर हात फिरवत म्हणाला. "मला इसराय हुनार न्हाई."

दिनकररावालाही वरून जाब विचारणारे कुणी असावेत. त्याचा चेहरा ओढलेला दिसत होता. मग तो सायकलीवर बसून गेला.

खरं सांगायचं तर नाथाजीला भीती वाटत होती. भिंतीतल्या त्या मुळ्या त्याला स्वप्नात दिसायच्या. आपण लिंपलं ते पुरेसं होतं का, पाचट थोडं कमी पडलं का, रंगूबाईची हळद नवाऐवजी दहा दिवस ठेवायला हवी होती का. पण हे त्यानं धोंडुबाईशिवाय कुणाला सांगितलं नाही.

मार्गशीर्षात भाव वर आला आणि वाडीनं निरोप धाडला. सकाळी शिळा हलवली. गाड्या रस्त्यावर रांगेनं उभ्या राहिल्या. बाजार त्याच दिवशी होता, आणि हंबीरराव दर थोड्या वेळानं सूर्याकडे बघत होता, पण एकानंही घाई केली नाही. लीलाबाई पाटावर बसून होत्या. दुपार टळायला लागली तेव्हा कंदील सोडला. वरच्या थरापाशी तो एकदा मिणमिणला, आणि मग ज्योत सरळ झाली.

"अजून थांबा," लीलाबाई म्हणाल्या.

थांबले. त्या दिवशीचा बाजार हुकला.

उतरल्यावर नाथाजीनं दबून खाली बसलेल्या मालावरचं पाचट बाजूला केलं आणि हात खाली घातला. हळद थंड होती, कोरडी होती. त्यानं मूठभर वर घेतली. अंधारात रंग दिसत नव्हता, म्हणून त्यानं एक हळकुंड दाताखाली धरलं आणि फोडलं. तो आवाज वर कुणाला ऐकू गेला नसेल. त्यानं पहिली पाटी भरली आणि दोर हलवला.

पाटी वर गेली. वर एकदम गलका झाला, आणि त्यात रंगूबाईचं हसू त्याला वेगळं ओळखू आलं. ते त्यानं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

सांगलीच्या बाजारात दुसऱ्या दिवशी ढीग लावला. लांब हळकुंडं होती, बारीक होती, फिकी होती. आडत्यानं विचारलं, "हा कुणाचा माल?"

"वाडीचा," हंबीरराव म्हणाला.

"पण नाव कुणाचं लिहू?"

"वाडीचंच लिवा की."

हंबीररावाच्या एकट्याच्या मालाला मिळाला असता तो भाव त्या ढिगाला मिळाला नाही. त्याच्या वाट्याला थोडं कमी आलं, आणि बाकीच्यांच्या वाट्याला पुष्कळ जास्त. परत येताना हंबीरराव पूल ओलांडल्यावर म्हणाला, "माघात काहिल पयल्यांदा रंगूबाईच्या शेतात उतरवायची. मग दादासोच्या. माझ्यात शेवटी." आणि बैलांना हाकलं.

माघात तसंच झालं. रंगूबाईचा मुलगा तोवर लंगडत घरी आला होता. जड काम त्याला जमत नव्हतं, पण पलटणीत शिकलेल्या शिस्तीनं कुणाची काहिल कधी, हे तो ठरवून द्यायचा, आणि लोक ऐकायचे.

हरिपुरात ही गोष्ट घरोघर झाली. चैत्राच्या सुरुवातीला आप्पासो नावाचा एक पेवमालक नाथाजीच्या दारात आला. त्याची दोन पेवं कंपनीकडे होती आणि करार त्या वर्षी संपत होता. तो उंबऱ्यात उभा राहिला, आत येईना.

"नाथाजी, कंपनीवाले नवा कागद घेऊन आलेत," तो म्हणाला. "मी अजून अंगठा उठवला न्हाई. तुंग, कसबे डिग्रज, तिकडची मानसं इचारायलीत, तुमच्या वाडीसारखं आमचं बी हुईल का. म्या म्हटलं, आधी तुला इचारावं."

"पेवं कशी हायत?"

"एक चांगलं हाय. दुसऱ्याच्या तोंडाची कड ढासळलीया."

नाथाजीनं खुंटीवरचा दोर काढला. धोंडुबाईनं न सांगता कंदील पुसायला घेतला.

"चल, बघू या," नाथाजी म्हणाला. "पर आज निस्तं तोंड उघडून ठेवायचं. आत उद्या उतरायचं."